दुर्बीणवाला कैलास उठतो

कौसाबाईचा कैलास मरून आता वर्ष होत आलं होतं. रोज सकाळी तो ओट्यावर बसून दात घासायचा, चहात साखर कमी पडली म्हणून बायकोवर डाफरायचा, आणि आईनं "मग शेटाच्या घरी जल्म घ्यायचा व्हता" म्हटलं की गुमान तोच चहा प्यायचा. तरी गावाच्या लेखी तो मेला तो मेलाच. आणि हे सगळं झालं त्या हिरव्या पलटणीपायी.

हिरवी पलटण म्हणजे प्लास्टिकचे शिपाई. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेटच्या कारखान्यात निघायचे. एके काळी कल्याणपासून कर्जतपर्यंत असं दुकान नव्हतं, जिथं पिशवीत भरलेली पलटण दोरीला टांगलेली नसायची. एक गुडघ्यावर बसून नेम धरणारा, एक पोटावर सरपटणारा, एक बॉम्ब फेकणारा, आणि प्रत्येक पिशवीत एक दुर्बीणवाला. हा दुर्बीणवाला कुठल्याच पोराला नको असायचा. हातात बंदूक नाही, लढणार कशानं? पोरं त्याला मातीच्या ढिगावर उभा करायची आणि पहिला दगड त्यालाच मारायची.

ती दगड मारणारी पोरं मोठी झाली आणि त्यातल्या एकानं पिक्चर काढला. खऱ्या माणसांना हिरवा रंग फासला, शिपाई केलं, आणि बंद पडलेल्या कंपनीत त्यांची लढाई लावली. मागच्या फळीत पळायला अंबरनाथ-बदलापूरची पोरं घेतली. कैलास उंच आणि काटकुळा. त्याच्या हातात बंदूक शोभेना, म्हणून त्याला दुर्बीण दिली. पिंपावर चढायचं, दुर्बीण डोळ्याला लावायची, "शत्रू आला!" म्हणून ओरडायचं, आणि छातीत गोळी घेऊन खाली पडायचं. पहिल्या लढाईतली पहिलीच गोळी. पण पडल्यावर कॅमेरा त्याच्या तोंडापाशी असा काही येऊन थांबला होता की थेटरात कौसाबाई उभी राहून ओरडली, "आरं, आदी खाली उतर ना पिंपावरनं! आता बसली का गोळी!"

पिक्चर जोरात चालला. कैलासच्या दोस्तांना, म्हणजे राजू आणि त्याच्या टोळक्याला, चेव आला. बॅनर लावायला या पोरांना कारण लागत नाही, कुत्र्याचा वाढदिवस असला तरी लावतात. त्यांनी अंबरनाथच्या नाक्यावर हा एवढा बॅनर चढवला. मधोमध कैलासचा फोटो, फोटोला हार, आणि खाली: 'भावपूर्ण श्रद्धांजली. हिरव्या पलटणीचे वीर जवान, दुर्बीणवाले कैलासशेठ. शोकाकुल, समस्त मित्र परिवार, मोरिवली.' कैलासनं स्वतः त्या बॅनरखाली उभं राहून दात काढून फोटो काढून घेतला. कौसाबाई झाडू घेऊन निघाली होती, पण नाक्यावर जाऊन बघते तर फोटो फारच चांगला आलेला. राहू दे म्हणाली दोन दिवस.

त्या दोन दिवसांतच घात झाला.

बदलापूर गावात तिच्या भावाच्या, सदूच्या पोरीची हळद होती. पायलची. आता कौसाबाई म्हणजे अंबरनाथजवळच्या मोरिवलीची धवलारीण, लग्नात धवले म्हणजे मंगलगाणी म्हणणारी. लग्न भटजी लावतो ते फोटोपुरतं. खरं लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यानं, हे आगऱ्यांच्या पोराटोरालाही ठाऊक. कौसाबाईनं गाऊन लावलेली लग्नं आज नातवंडं खेळवत होती. पण घरच्या कार्यात आत्यानं मिरवायचं, गायचं नसतं, म्हणून धवले गायला वांगणीची द्रौपदी बोलावली. द्रौपदीचा आवाज गोड, कौसाबाईपेक्षाही गोड, हे कौसाबाई सोडून सगळे कबूल करायचे. खोड एकच. डोक्यात एकदा शिरलं की मग साक्षात गावदेवी आली तरी निघत नसे.

हळदीला धवलारीण आधी देवांना बोलावते. मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, की या, पोरीला हळद लागतेय, बघून जा. त्यांच्यानंतर जिवंत पाहुण्यांना. गेलेल्यातलं कोणी राहून गेलं तर तो रुसतो, म्हणून शहाणी धवलारीण आल्या आल्या म्हाताऱ्या बायकांत बसून विचारून घेते, यंदा कोण गेलं. द्रौपदीनं काही विचारलं नाही. ती सकाळी लेकीकडे अंबरनाथला गेली होती आणि रिक्षातून तिनं नाक्यावरचा बॅनर बघितला होता. वाचता येत नसलं म्हणून काय झालं? हार घातलेला फोटो कोणाला कळत नाही?

मांडव गच्च भरलेला. बेंजोवाले जरा थांबलेले. द्रौपदीनं कानावर हात ठेवून सूर लावला. पोरीची आजी झाली, चुलता झाला, आणि मग तिनं गळा जड करून उचललं:

"ये रं ये कैलासदादा, आभालाच्या वाटेनं, बहिनीची हलद बघून जा..."

पंगतीत बसलेल्या कैलासच्या हातात मटणाची नळी होती. ती तशीच तोंडापाशी राहिली. सगळ्या मांडवानं आधी द्रौपदीकडे बघितलं, मग नळीकडे.

कौसाबाई ताडकन उठली. "गो बाय, डोलं फुटलं काय तुजं? तो काय तिथं नळी चोखतोय!"

द्रौपदीनं कैलासकडे निरखून बघितलं. तोंड पडलं तिचं, पण घटकाभरच. "आता मी काय करू? नाव तं घेतलं."

"मग काढ!"

"धवला म्हंजे काय तुज्या सुनंची साडी हाय, नाय आवडली म्हून परत करायला?"

झालं. हळदीत मारामारी तेवढी व्हायची राहिली. सदू मधे पडला, बेंजो वाजला, लोक नाचले. पण आपण चुकलो नाही हे दाखवायला द्रौपदी दुसऱ्याच दिवशी थेटरात जाऊन पिक्चर बघून आली आणि तिथूनच कौसाबाईला फोन केला. "मी सोता बघितला गो. छातीत गोळी. माज्या डोल्यादेखत गेला. मी खोटं गायले नाय. आता असं कर, जिथं मेला तिथंच त्याला उठव. सगल्यांनी मरताना बघितला, तसा सगल्यांनी उठताना बघू दे. मग मी नाव काढते, जित्या मानसांत घेते. तवर नाय."

लोक हसले. कैलास तर सर्वांत जास्त हसला. कौसाबाईला हसू आलं नाही. उभी हयात तिनं धवले म्हटले होते. तिच्या गाण्यानं देव मांडवात येतो, तिच्या गाण्यानं पोरगी परक्या घरची होते, असं ती छाती ठोकून सांगत आली. मग द्रौपदीच्या गाण्यानं काही होत नाही असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? तसं म्हटलं की आपली सगळीच लग्नं कच्ची. त्यात गणपतीत कैलासची गाडी घसरली. नुसतं कोपर खरचटलं, पण सून मालिनी हळद लावत असताना कौसाबाईनं तीनदा विचारलं, "शुद्धीत हाय ना?" पुढं दर हळदीत टोळकं त्याच्यासाठी मांडवाबाहेर वेगळं पान वाढायचं, पितरांना वाढतात तसं, आणि तो हसत हसत ते पान उचलून आत येऊन बसायचा. नात किर्ती शाळेतून रडत आली. पोरं म्हणतात, तुझा बाप पहिल्याच गोळीत गेला.

कौसाबाईनं तिचं नाक पुसलं. "सांग त्यांना, उठनार हाय. दुसरा भाग येऊ दे."

"कोण म्हणालं?"

"मी म्हनते ना!"

आणि दुसरा भाग खरंच आला. मोरिवलीच्याच एका बंद कंपनीत गाड्या लागल्या, जनरेटर आले, पत्र्याच्या शेडवर हिरव्या पलटणीचं निशाण लागलं. गावातली पळणारी पोरं परत बोलावली. राजूला बोलावणं आलं. कैलासला नाही. त्यानं फोन लावला तर माणसं पुरवणारा म्हणाला, "भाऊ, तू तर मेलास ना."

दुसऱ्या दिवशी कौसाबाईनं लग्नाला नेसायचं ते नऊवारी लुगडं काढलं, नाकात नथ घातली, आणि कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिली. वॉचमन म्हणाला, "अम्मा, अंदर शूटिंग चालू है."

"मग मी काय मेथी इकायला आले?" असं म्हणून ती आत गेली.

डायरेक्टर महेंद्र. उल्हासनगरच्या सुभाष टेकडीचा पोरगा, आता दाढीत पांढरे केस आलेला. सोबत प्रीती नावाची त्याची असिस्टंट, गळ्यात वॉकीटॉकी आणि कानामागं पेन. कौसाबाईनं दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"डायरेक्टर कोन?"

"मी, मावशी. बोला."

"तू व्हय? मग तूच मारलास माज्या पोराला."

महेंद्र दचकला. प्रीती पटकन म्हणाली, "सर, दुर्बीणवाला. पार्ट वन."

"अरे, कैलासदादाची आई!" महेंद्रनं हात जोडले. "मावशी, काय मेला हो तो! एवढी माणसं मारली मी त्या पिक्चरमध्ये, पण असं कोणी मेलं नाही."

कौसाबाई क्षणभर विरघळली. पोराचं कौतुक कोणाला नको? पण सावरली. "मेला चांगला, ते मी पन बघितलं. आता उठव."

"उठव म्हणजे?"

"दुसऱ्या भागात उठव. जित्ता कर. सगल्या लोकांना दिसला पायजे."

"मावशी, गेलेला माणूस परत कसा आणू? लोक हसतील."

"जाललास त्याला?"

"नाही."

"पुरलास?"

"नाही हो."

"दहावं घातलंस? कावला शिवला?"

"अहो मावशी, पिक्चर संपला ना तिथं."

"मग मेला कसा? ज्याचं दहावं नाय झालं तो मेला असं कुनी ठरवलं? बेपत्ता म्हन. पोलीस पन तसंच लिवतात."

महेंद्रनं प्रीतीकडे बघितलं. प्रीतीला सुचलं. "आजी, एक आयडिया. जुळा भाऊ! दुर्बीणवाल्याचा जुळा भाऊ बदला घ्यायला येतो. कैलासदादाच दिसेल पडद्यावर."

कौसाबाईनं तिच्याकडे असं बघितलं की पोरीनं कानामागचं पेन काढून हातात घेतलं. "जुला? नऊ म्हयने मी वागवलाय, मना ठाव नाय एक व्हता का दोन? उद्या सगला गाव इचारील, कौसाबाय, दुसरा कुटं ठेवलास? आनि मना सांग, जुला भाऊ आला म्हंजे कैलास तं मेलेलाच राहिला ना? मग माज्या नातीनं काय करायचं, बापाला काका म्हनायचं?"

शेडमधले लाइटवाले हसायला लागले. महेंद्रही हसला, डोकं खाजवलं. तेवढ्यात त्याला कोणीतरी तिकडून हाक मारली. तो जाता जाता म्हणाला, "बरं मावशी, बुधवारी सकाळी पाठवा त्याला. पहिल्याच सीनमध्ये घेतो."

"पन उठनार ना?"

महेंद्रनं लांबूनच हात हलवला. हा हात 'हो' म्हणून हलला, 'निघा आता' म्हणून हलला की नुसताच हलला, याची चौकशी दुसऱ्या कोणी केली असती. कौसाबाईला कोणाला परत विचारायची सवयच नव्हती. तिनं तो होकार धरला, घरी येताना बाजारात मासळीवाल्या बायकांत सांगितलं, रिक्षा स्टँडवर सांगितलं, आणि वांगणीला फोन केला. "तयारीला लाग द्रौपदे. पोऱ्या उठतोय."

बुधवारी ती खुर्ची टाकून बसली तर समोर हिरवी माणसंच माणसं. तोंडाला, हाताला, मिशीलासुद्धा हिरवा रंग. आपला कोणता हे तिलाच ओळखू येईना. "कैलास!" अशी हाक मारली तेव्हा एकानं हात वर केला आणि जांभई दिली. रात्रपाळी करून तो आपल्या नोकरीच्या कंपनीतून थेट इथं रंगवून घ्यायला बसला होता.

मग प्रीतीनं तिला आजचा सीन सांगितला. कारखाना विकला गेलाय. पहिल्या भागात जे शिपाई कामी आले, त्यांचा भंगारात ढीग टाकलाय. कॅप्टन त्यांना शोधत येतो, ढिगासमोर टोपी काढतो, सलाम करतो, आणि डोळे पुसत एकटाच लढायला निघून जातो.

"आनि कैलास?"

"ढिगात, आजी. अगदी मधोमध. चांगली जागा दिलीय. हलायचं नाही फक्त."

 म्हणजे पहिल्या भागात मेला तो मेला, आता दुसऱ्या भागात मेलेलाच राहणार. पडद्यावर पुन्हा एकदा, सगळ्यांच्या देखत, आणि द्रौपदी पहिल्या रांगेत. ती महेंद्रकडे जायला उठली, तोच कोणीतरी "सायलेन्स!" म्हणून ओरडलं. जनरेटरचा आवाज लांब गेला. माणसं जागच्या जागी थांबली. भिंतीवरचा कावळासुद्धा गप बसला.

आणि कौसाबाई खाली बसली. चाललेल्या कार्यात तोंड घालायचं नाही, हा तिचा स्वतःचा कायदा. ती गात असताना एका नवरदेवाचा मामा मोबाइलवर बोलला होता, तर तिनं त्याला मांडवाबाहेर घालवलं होतं. इथं कार्य दुसऱ्याचं होतं, पण कार्य होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि आपल्या पोराच्या प्रेताकडे बघत राहिली.

कॅप्टन आला. हा हिरो मुंबईचा, गोरापान, रंगाखालूनही गोरा वाटेल असा. त्यानं टोपी काढली. सलाम केला. डोळ्यांत पाणी आणलं. शेडमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत सावकाश, ऐटीत, एक आवाज आला.

घर्रर्र.

आवाज धरणाऱ्या माणसानं कानावरचा हेडफोन दाबला. "सर, ढिगात काहीतरी चालू आहे."

"जनरेटर?"

"नाही सर. घोरतंय कोणीतरी."

महेंद्र समोरच्या पडद्यावर वाकला. हिरव्या मढ्यांच्या मधोमध एक छाती वर जात होती, खाली येत होती, आणि दर वेळी मिशीची टोकं थरथरत होती. कौसाबाईला दुसरं कोणी सांगायची गरज नव्हती. हे घोरणं तिनं त्याच्या बापाचंही ऐकलं होतं.

"सर, कट?" प्रीतीनं विचारलं.

महेंद्रनं बोट वर केलं. "थांब. चालू राहू दे." आणि हलक्या आवाजात कॅप्टनला म्हणाला, "उठव त्याला."

कॅप्टन ढिगावर वाकला. "ऊठ, जवान!" घर्रर्र. "मातृभूमी तुला बोलावते आहे!" घर्रर्र. कॅप्टननं खांदा हलवला. कैलासनं कूस बदलली आणि बॉम्बवाल्याच्या गळ्यात हात टाकला. बॉम्बवाला राजूच होता. मेल्याचं सोंग घेऊन तो आतल्या आत इतका हसत होता की डोळ्यांतून हिरवं पाणी गळत होतं.

महेंद्रनं वळून कौसाबाईकडे बघितलं. "मावशी, घरी कसा उठतो हा?"

तिनं तोंडातला पदर काढला. "बोलू? कार्य चाललंय ना?"

"बोला मावशी. कार्य तुमच्याच हातात दिलंय समजा."

कौसाबाईनं दम भरला. बेंजोच्या वर चढणारा आवाज तो. पत्र्याची शेड दणाणली.

"कैलास! ऊठ, पानी आलं!"

कैलास नुसता उठला नाही, उभाच राहिला. पण एकटा नाही. सगळा ढीग उठला. अंबरनाथची, बदलापूरची, उल्हासनगरची पोरं ती. जिथं एक दिवसाआड घटकाभर नळ येतो तिथं वाढलेली. ही हाक झोपेत आली काय आणि मरणात आली काय, अंगाला ठाऊक असते. सरपटणारा उठून पळायला लागला. नेम धरणारा ओरडला, "मोटर लाव, मोटर!" एकानं भंगारातला डबाच उचलला. बदलापूरचं एक मढं गेटपर्यंत पोचलं तेव्हा त्याला आठवलं की आपलं घर इथं नाही. आणि मुंबईचा तो कॅप्टन हातात टोपी घेऊन मधोमध उभा, तोंड उघडं.

"कुटं हाय पानी?" कैलास डोळे चोळत म्हणाला.

महेंद्र खुर्चीतून घसरून खाली बसला होता, पोट धरून. "कट म्हणू नका," तो कसाबसा म्हणाला. "कोणी कट म्हणू नका रे."

मग पुढची गोष्टच बदलली. महेंद्रला रात्रभर बसून नवी लिहावी लागली, असं प्रीती नंतर सांगायची. कौसाबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. दहावं झालं नव्हतं हे तिनं आधीच सांगितलं होतं.

पिक्चर लागला तेव्हा उल्हासनगरच्या थेटरात अर्धी मोरिवली आली, सदूचं घर आलं, पायल नवऱ्याला घेऊन आली, आणि द्रौपदी वांगणीहून आली ती थेट कौसाबाईच्या शेजारच्या खुर्चीत. हातात पर्स, पायात नव्या चपला, ओठ घट्ट मिटलेले. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. किर्ती आजीच्या मांडीवर बसून दोघींच्या हातातले पॉपकॉर्न खात होती.

भंगाराचा ढीग आला. टोपी काढली, सलाम झाला. घर्रर्र झालं तशी पोरं खिदळायला लागली. आणि कॅप्टननं हात तोंडाशी नेऊन कौसाबाईचीच ती "पाणी आलं!" अशी हाक दिली, तेव्हा ठाण्यापलीकडच्या लोकांना ती किती कळली देव जाणे, पण इथं माणसं खुर्च्यांवर चढली. शिट्ट्या, टाळ्या, एकानं तर हातातली बाटली डोक्यावर ओतली. कॅमेरा सरळ कैलासच्या तोंडापाशी गेला. हिरव्या तोंडातले दोन डोळे उघडले, हा एवढा मोठा जबडा वासून त्यानं जांभई दिली, आणि चाचपून आपली दुर्बीण उचलली.

"माझे पप्पा!" किर्ती ओरडली. "उठले! सगळ्यांनी बघितलं ना?"

  शेजारून द्रौपदीनं कौसाबाईचा हात धरला. "उठला गो बाय. खरंच उठला."

"मग? मी कवापासून काय सांगते?"

पण पडद्यावर आता धुरळा उठला होता. लांबून शत्रूच्या गाड्या येत होत्या. पलटण बंदुका भरत होती. आणि कैलास, तिचा कैलास, इकडे तिकडे बघत बघत एका पिंपाकडे निघाला. त्यानं पिंपावर एक पाय ठेवला.

कौसाबाई उठली. "चला. सगल्यांनी उठा."

"आई, काय झालं?" मागच्या रांगेतून कैलासनं विचारलं.

"बघून झालं. जित्ता हाय तवर निघायचं. सदू, उठ. पायल, नवऱ्याला घे. राजू, आरं ऐकू येत नाय काय?"

"अगं आई, इंटरव्हल पण नाय झाला! पुढं माझा क्लोजप हाय!"

"मागचा पन क्लोजपच व्हता!"

तिच्यापुढं कोणाचं चाललंय? खुर्च्या खडखडल्या, मागचे लोक "ए, बस ना!" म्हणून ओरडले, आणि अर्धी मोरिवली अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत बाहेर निघाली. दरवाजावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, पिक्चर खराब आहे का?"

"झ्याक हाय. संपला आमचा."

द्रौपदी शेवटी. तिची मान अजून दाराकडे वळलेली. कौसाबाईनं तिला दंडाला धरून पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभी केली. "हां. आता घे नाव."

"इथं? अगो, मांडव नाय, हलद नाय..."

"मानसं हायत. मांडवाला आनखी काय लागतं? बघितलास ना डोल्यांनी? मग घे."

द्रौपदीनं इकडे तिकडे बघितलं. पॉपकॉर्नवाला पोरगा हातातला डबा धरून थांबला. तिनं पर्स खांद्यावर सरकवली, कानावर हात ठेवला, आणि तिचा तो गोड आवाज, खरोखरच गोड, थंड हॉलमध्ये चढला:

"ये रं ये कैलासदादा, पायाच्या वाटेनं, जित्या मानसांत बस ये..."

बायकांनी सूर उचलला. मालिनीनं नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालून त्याला मधे ढकललं. तो लाजत लाजत उभा राहिला, किर्ती त्याच्या कमरेला चिकटली. तोच बंद दाराच्या आतून धडाम्‌ करून आवाज आला, आणि पाठोपाठ गोळ्यांचा सडा. कैलासची मान तिकडे वळायला लागली.

कौसाबाईनं त्याचा कान धरून मान परत फिरवली आणि द्रौपदीला कोपरानं ढोसलं.

"मोठ्यानं म्हन गो बाय. आतलं काय ऐकू येता कामा नाय."